लांब रोटीचा हात : आमवाताने वाकडे झालेले मनगट जोडून टाकण्याचे एक प्रकरण

रुग्ण ५३ वर्षांची, पूर्व नागपुरात राहणारी, उजव्या हाताने काम करणारी. घरून लांब रोटीच्या ऑर्डरी घेणे हा तिचा व्यवसाय. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या रोटीशी बांधलेला आहे. लांब रोटीची कणीक पोळीसारखी घट्ट नसते. ती सैल भिजवून, परातीत आपटून आपटून तिला लवचीकपणा आणतात. मग गोळा दोन्ही तळहातांवर घेऊन, तळवे वर ठेवून, या हातावरून त्या हातावर खेळवत कोपरापर्यंत लांबवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकतात. म्हणजे आपटताना मनगटावर दणका बसतो, आणि खेळवताना तळवा आकाशाकडे वळावा लागतो.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे लोकांच्या बोलीतला आमवात, ११ वर्षांपासून. गोळ्या चालू: मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज २०० मिग्रॅ आणि प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ. मधली दोन-तीन वर्षे औषधे तुटक घेतलेली. दुखले की दुकानातून स्टेरॉइडची गोळी आणायची, बरे वाटले की बंद. सांधे याच काळात सर्वांत जास्त झिजले. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून घ्यावे.)

ती आली तेव्हा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हा हात कामाचाच नाही राहिला. रात्री असा ठणकते का झोपच नाही लागत. अन् आता बोटं पण उचलून नाही राहिली."

बोटे उचलली जात नव्हती, हा या प्रकरणातला सर्वांत तातडीचा भाग होता. दोन महिन्यांपूर्वी एके दिवशी परात उचलताना उजव्या हाताची करंगळी खाली पडली ती पडलीच. दुखले नाही, सूज आली नाही, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दीड महिन्याने अनामिकाही गेली. घरच्यांच्या मते "नस तुटली" होती. तुटते ती नस नव्हे, तर बोट उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला अल्ना हाडाचे डोके असते. आमवातात त्याला धरून ठेवणारे बंध सैल पडले की ते वर उचकते, त्याच्यावर खडबडीत धार तयार होते आणि वरून सरकणाऱ्या कंडरा त्या धारेवर दोरखंडासारख्या घासून तुटतात. आधी करंगळी, मग अनामिका, मग मधले बोट असा क्रम लागतो. सर्जन वॉन-जॅक्सन यांनी १९४८ मध्ये हे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव या प्रकाराला आहे. पहिली कंडरा तुटल्याबरोबर हात दाखवला असता तर अनामिका वाचण्याची चांगली शक्यता होती.

तपासणी

मनगटाच्या पाठीवर अल्नाचे डोके गाठीसारखे वर आलेले. बोटाने दाबले की खाली जाई, सोडले की पियानोच्या पट्टीसारखे वर येई. हाताचा पंजा करंगळीकडे सरकलेला आणि तळव्याच्या बाजूला खचलेला. मनगट मागे १५ अंश, पुढे २० अंश, बस. तळवा वर करणे ३० अंशांवर थांबत होते, खाली वळवणे ६० अंशांवर. पकड मोजण्याच्या यंत्रावर उजवा ६ किलो, डावा ११ किलो. वेदना दहापैकी आठ.

करंगळी-अनामिका उचलली जात नाहीत याची कारणे तीन-चार असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून इथे घाई करायची नाही. मनगट हाताने पुढे वाकवले की बोटे आपोआप ताणून वर यायला हवीत. तर्जनी आणि मधले बोट थोडी वर आली, उरलेली दोन तशीच लोंबत राहिली. नुसती नस (मज्जातंतू) दबली असती तर कंडरा शाबूत असल्याने चारही वर आली असती. दोन्ही बोटे हाताने सरळ करून सोडली तेव्हा ती जागेवर टिकली नाहीत. कंडरा नुसती खाचेत घसरलेली असती तर टिकली असती. बोटांच्या मुळाचे सांधे निखळलेले नव्हते, हाताने पूर्ण सरळ होत होते. राहिले एकच निदान: दोन बोटांच्या कंडरा तुटल्या आहेत.

एक्स-रेमध्ये मनगटाच्या लहान हाडांच्या दोन्ही ओळींमधले अंतर नाहीसे झालेले. मनगटाची उंची आणि मधल्या बोटाच्या मेटाकार्पल हाडाची (पंजातल्या लांब हाडाची) लांबी यांचे गुणोत्तर साधारण ०.५४ असते, इथे ०.३९ होते. रेडियस हाडाला, म्हणजे मनगटामागच्या अंगठ्याकडच्या हाडाला, अल्नाच्या बाजूने खोबणी पडलेली. त्या खोबणीचा अर्थ असा की कंडरा तोडणारी धार तिथे आहे आणि ती आणखी तोडणार आहे.

एक एक्स-रे मात्र मनगटाचा नव्हता. आमवातात मानेचे पहिले-दुसरे मणके एकमेकांवरून सरकू शकतात आणि भूल देताना मान हलवली की मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून मान वाकवून आणि ताठ करून असे दोन एक्स-रे घेतले. मोठ्या माणसात त्या दोन मणक्यांमधले अंतर ३ मिमीच्या आत हवे. ते २ मिमी होते. तरीही पूर्ण भूल टाळून फक्त हात बधिर करायचे ठरले.

मनगट जोडणेच का?

मनगट जोडणे म्हणजे त्याची हाडे एकमेकांत एकसंध करणे. मनगटाचे हालणे कायमचे जाणार, हे ऐकल्यावर नातेवाईक थबकतात, आणि ते साहजिक आहे. म्हणून आधीचे पर्याय एक एक करून तपासले. पट्टा आणि सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन यांनी दुखणे काही आठवडे कमी झाले असते, पण तुटणाऱ्या कंडरा थांबल्या नसत्या. नुसते सांध्याचे सुजलेले अस्तर काढायचे तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, शिल्लक हवी, ती नव्हती. रेडियस आणि त्याच्या पुढचे ल्युनेट हाड एवढीच जोडणी करून निम्मी हालचाल वाचवता येते, पण त्यासाठी पुढची ओळ निरोगी लागते. इथे तीही संपलेली.

कृत्रिम मनगटाचा विचार सर्वांत लांबला. त्याने हालचाल राहते. पण कमी वापराच्या हातात, चांगल्या हाडात आणि शाबूत कंडरांमध्ये ते टिकते. इथे हाड मऊ, कंडरा तुटलेल्या, आणि हात रोज परातीत आपटला जाणारा. सैल झाले की शेवटी जोडणीच करावी लागते, तीही कमी उरलेल्या हाडात. त्यापेक्षा आताच जोडणे शहाणपणाचे.

शिवाय एक गोष्ट लोकांना पटकन लक्षात येत नाही. मनगट जोडले म्हणजे हात वळायचा थांबत नाही. तळवा वर-खाली वळतो तो रेडियस हाड अल्नाभोवती फिरल्याने, आणि ती हालचाल जोडणीत शाबूत राहते. उलट अल्नाचे बिघडलेले टोक काढले की ती वाढते. या बाईला रोटी खेळवण्यासाठी मनगटाचे वाकणे फारसे लागतच नव्हते, तळवा वर वळणे लागत होते. शस्त्रक्रियेकडे कल झुकला तो इथे.

कोन ठरवणे : प्लास्टरची तालीम

मनगट कोणत्या कोनात जोडायचे हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरवू नये. सर्वसाधारणपणे १० ते १५ अंश मागे आणि किंचित करंगळीकडे ही स्थिती पकडीला चांगली मानतात; आमवातात बरेच सर्जन सरळ किंवा सरळच्या जवळ ठेवतात, कारण दुसरे मनगटही कधीतरी जोडावे लागू शकते. आपल्याकडे यात आणखी एक हिशेब येतो. उजव्या हाताने जेवण, डाव्या हाताने शौचाची स्वच्छता. तोंडापर्यंत घास नेणारा हात आणि पाठीमागे पोहोचणारा हात यांना एकच कोन चालत नाही.

म्हणून आधी कोपराखाली प्लास्टर घालून, बोटे मोकळी ठेवून, घरी पाठवले. पहिले प्लास्टर २० अंश मागे होते. तिसऱ्या दिवशीच ती परत आली. भाजी कापली, लोटा धरला, पण वरणभाताचा घास तोंडाजवळ नेताना हात इतका उलटा पडे की निम्मा भात पदरावर. दुसरे प्लास्टर साधारण ८ अंशांवर घातले आणि पूर्ण दोन आठवडे ठेवले. सोबत तिला कामांची यादी दिली होती: केस विंचरणे, ब्लाउजचे हुक, भांडे घासणे, खाली बसून उठणे, सुनेने आपटून दिलेल्या कणकेची एक रोटी खेळवणे. रोटी जमली, पण उजवा तळवा पूर्ण वर येत नव्हता. दोष प्लास्टरचा नव्हता, अल्नाचा होता. उठताना मात्र तळवा जमिनीला टेकवता येईना, मुठीवर जोर द्यावा लागला. ही अडचण शस्त्रक्रियेनंतरही राहणार, हे तेव्हाच सांगितले. दोन आठवड्यांत रात्रीचे ठणकणे दहापैकी तीनवर आले होते. तिने स्वतःच सांगितले, "असाच राहू द्या हात."

तारीख आषाढी एकादशीनंतरची धरली. चातुर्मासात लग्ने नसतात, ऑर्डरी कमी असतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सुमारे चार महिने हाताला मिळतात. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात प्लास्टर घालणे टाळलेलेच बरे. आत घाम साचून कातडी सोलते.

मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद केले नाही. रोजचे स्टेरॉइडही शस्त्रक्रियेच्या सकाळी दिले. ते अचानक तोडायचे नसते. उजव्या हातातला हिरवा चुडा काढायला ती तयार नव्हती. हात सुजला की काच आत रुतते, रक्तपुरवठा अडतो, हे समजावल्यावर बांगड्या आदल्या दिवशी घरीच उतरवल्या आणि डाव्या हातातल्या तशाच ठेवल्या.

शस्त्रक्रिया

हंसळीच्या हाडाच्या वर सोनोग्राफीखाली सुई घालून हात बधिर केला. सेफाझोलिन हे प्रतिजैविक २ ग्रॅम चीर घेण्याच्या अर्धा तास आधी. दंडाला टुर्निके, म्हणजे रक्तप्रवाह रोखणारा पट्टा, दाब २५० मिमी.

चीर मनगटाच्या पाठीवर सरळ, मधल्या मेटाकार्पलच्या मध्यापासून रेडियसवर चार-पाच सेंटिमीटरपर्यंत. स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची कातडी बटर पेपरसारखी असते, म्हणून कातडी आणि चरबी वेगळी न करता जाड थरानेच उचलली. अंगठ्याची लांब कंडरा तिच्या खोबणीतून बाहेर काढली. बाकीच्या कंडरांभोवतीचे सुजलेले, करड्या-गुलाबी अस्तर सोलून काढले. करंगळीच्या आणि अनामिकेच्या कंडरांची टोके तंतू सुटलेल्या दोरासारखी फाटलेली होती आणि अनामिकेचे वरचे टोक तीन सेंटिमीटर मागे सरकलेले. ती थेट शिवून जोडणे शक्यच नव्हते. मधल्या बोटाची कंडरा शाबूत होती, पण तिच्यावरही घासल्याची पांढरी खूण होती.

अल्नाचे टोक सुमारे दीड सेंटिमीटर कापून काढले. कापलेली बाजू गोल करून घासली आणि तिच्यावर सांध्याचे आवरण व शेजारच्या कंडरेची पट्टी शिवली, म्हणजे ती कंडरांवर पुन्हा आपटणार नाही. यापेक्षा जास्त हाड काढले तर राहिलेला खुंट डुगडुगतो. काढलेले टोक फेकले नाही. त्याचा चुरा करून सांध्यांत भरायला वापरला. कमरेच्या हाडातून कलम घेण्याची वेगळी जखम त्यामुळे टळली.

मग सांध्यांचे काम. रेडियसच्या पुढचे, मधल्या ओळीतले आणि मधल्या मेटाकार्पलच्या मुळाचे, अशा सर्व पृष्ठभागांवरची उरलीसुरली कूर्चा काढून रक्ताळलेले, छिद्रे असलेले हाड उघडे केले. इथे कंटाळा केला की जोडणी होत नाही. प्लेट कितीही भक्कम असली तरी हाड जुळले नाही तर ती आज ना उद्या सैल होते. रेडियसच्या पाठीवरचा लिस्टरचा उंचवटा छिन्नीने काढून प्लेटसाठी सपाट जागा केली. पंजा हळूहळू ओढून मूळ जागी आणला. जास्त ओढला तर बोटे वाकवणाऱ्या कंडरा ताणल्या जातात, बोटे मुडपलेली राहतात आणि तळव्यातली नस दबते. थोडी उंची गमावलेली परवडते.

पर्याय दोन होते: मेटाकार्पलमधून रेडियसच्या पोकळीत घातलेली जाड पिन, किंवा प्लेट. मिलेंडर आणि नेलबफ या सर्जनांनी १९७३ मध्ये आमवातासाठी रूढ केलेली पिनची पद्धत स्वस्त आहे, जखम लहान आणि मऊ हाडात उपयोगी. पण ती फिरण्याला तितकी रोखत नाही, जास्त दिवस प्लास्टर लागते, आणि मधल्या मेटाकार्पलमध्ये पिन असेल तर पुढे त्या बोटाचा सांधा बदलताना अडचण येते. कंडरांची शिवण करून बोटे लवकर हलवायची होती, म्हणून इथे प्लेट. मनगटासाठीच्या या प्लेटा सरळ आणि १० अंश बाक दिलेल्या, दोन्ही मिळतात. बाक असलेली घेतली; रेडियसचे हाड किंचित घासल्यावर एक्स-रेवर कोन ८ ते ९ अंश आला.

स्क्रूचा क्रम महत्त्वाचा. आधी मेटाकार्पलमध्ये २.७ मिमीचे तीन, हाडाच्या अगदी मधोमध. छिद्र कडेला गेले तर ते बारीक हाड नंतर तिथूनच मोडते. आणि प्लेट तिथे एका बाजूला कलली, तर रेडियसवर बसवताना सगळा पंजाच पिळला जातो. म्हणून रेडियसचे स्क्रू घालण्यापूर्वी सगळी बोटे हाताने मिटून पाहिली: नखे अंगठ्याच्या मुळाकडे वळतात का, एकमेकांवर चढत तर नाहीत ना. मग मनगटातल्या मधल्या हाडात, कॅपिटेटमध्ये, एक आणि रेडियसमध्ये ३.५ मिमीचे चार. मोकळ्या फटींत हाडाचा चुरा दाबून भरला. टुर्निके ११० मिनिटांनी सोडले.

कंडरा शेवटी. अनामिकेचे खालचे टोक मधल्या बोटाच्या शाबूत कंडरेला बाजूने विणून जोडले. तर्जनीला उचलणाऱ्या कंडरा दोन असतात. त्यातली एक काढून करंगळीला दिली. ताण किती ठेवायचा याचा नेहमीचा निकष म्हणजे मनगट वाकवून पाहणे, आणि तो इथे संपलेला, कारण मनगट आता हलणारच नव्हते. त्यामुळे शेजारच्या बोटांच्या रांगेशी जुळवून, करंगळी त्यांच्यापेक्षा नखभर वर राहील असा ताण ठेवला. पुढे शिवण थोडी सैलावतेच. कंडरांना धरणारा पट्टा दोन भागांत कापून अर्धा प्लेट आणि कंडरा यांच्यामध्ये घातला, अर्धा वरून. अंगठ्याची कंडरा पट्ट्याबाहेरच ठेवली, म्हणजे ती प्लेटवर घासणार नाही.

नंतरचे दिवस

हात दहा-बारा तास बधिर राहतो. गरम चहाचा कप त्या हातात देऊ नये, आणि बधिरता उतरण्याआधीच पॅरासिटामॉल द्यावे. उतरल्यावर वेदना एकदम चढते. हात उशीवर, हृदयाच्या वर. खांदा, कोपर, अंगठा आणि तर्जनी पहिल्या दिवसापासून हलवली. खांदा गळपट्टीत लटकवून ठेवला तर तोच आखडतो.

टाके १५ व्या दिवशी काढले. जखमेच्या मध्यभागी नखाएवढी कातडी काळी पडली होती. प्लेट उघडी पडेल अशी भीती होती, पण खोल थर शाबूत होते. एक दिवसाआड ड्रेसिंगने ती चौथ्या आठवड्यात भरली. पहिले तीन आठवडे रात्री अंगठ्याला आणि पहिल्या बोटांना मुंग्या येत; सूज उतरली तशा गेल्या. गेल्या नसत्या तर तळव्यातली नस ज्यातून जाते तो बोगदा मोकळा करावा लागला असता.

बाकीच्या बोटांच्या मुळाचे सांधे चार आठवडे सरळ ठेवून मग हलवायला सुरुवात केली. करंगळी उचलायला सांगितले की काहीच होईना. फिजिओथेरपिस्टने सांगितले, "काकू, करंगळी विसरा. पहिले बोट दाखवतो तसं करा." तिने तर्जनी दाखवली आणि करंगळी थरथरत वर आली. आता तर्जनीची कंडरा करंगळीत बसली आहे, मेंदूला हे कळायला वेळ लागतो. पंधरा दिवस, दिवसातून पाच वेळा, दहा-दहा वेळा हेच करायचे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मूठ मिटवण्याची घाई करून जोर लावला तर शिवण ताणली जाते, आणि अजिबात मिटवली नाही तर सांधे सरळच आखडतात. हे दोन आठवडे नाजूक असतात, घरच्यांनी "चालव, चालव" म्हणत हात ओढू नये.

पोळ्याच्या आठवड्यात प्लास्टरची पट्टी निघाली, काढ-घाल करता येणारा पट्टा आला. बारा आठवड्यांच्या एक्स-रेवर रेडियसपासून कॅपिटेटपर्यंत हाड भरलेले दिसले. तोपर्यंत उजव्या हाताने चहाच्या कपाहून जड काही नाही. नंतर एक किलो, मग दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे.

सहा महिन्यांनी: वेदना दहापैकी एक. पकड ६ वरून १२ किलो. तळवा वर वळणे ३० वरून ७० अंश. अनामिका शेवटचे १० अंश आणि करंगळी १५ अंश उचलत नाही. लांब रोटी ती पुन्हा करते, पण कणीक आपटण्याचे काम सुनेकडे आहे, आणि तसेच राहायला हवे: जोडलेले मनगट दणका गिळत नाही, तो थेट स्क्रूंवर आणि कोपरावर जातो. अरुंद तोंडाचा डबा आतून घासता येत नाही. जमिनीवरून मुठीवर जोर देऊन उठते. प्लेटच्या पुढच्या टोकाची गाठ मेटाकार्पलवर बोटाला लागते आणि मडक्याची कड टेकली की दुखते. ती त्रास देत राहिली तर वर्ष उलटल्यावर, जोडणी पक्की असल्याची खात्री करून, प्लेट काढता येईल. जड उचलताना अल्नाचा खुंट कधीकधी कट्कन वाजतो. दुखत नाही, म्हणून हात लावलेला नाही.

खर्चाचा प्रश्न येतोच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरवण्याआधी विचारावे, नंतर नव्हे.

डावे मनगट अजून ४० अंश हलते आणि दुखणे औषधांनी आटोक्यात आहे. ते हलते आहे तोवर जोडायचे नाही. पुढे वेळ आलीच तर सरळ, किंवा चार-पाच अंश तळव्याकडे वाकवून, कारण स्वच्छतेचा हात तो आहे. पण डावीकडेही अल्नाचे डोके वर येऊ लागले आहे. तिला सांगितले आहे की रोज सकाळी डावा पंजा ताटावर पालथा ठेवून करंगळी एकटी उचलून पाहायची. ज्या दिवशी उचलणार नाही, त्याच दिवशी यायचे. दुखत नसले तरी.